माझं आंबोण

कोंडा माणसांनीही खायचा असतो हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. तोवर कोंडा म्हणजे गुरांचा. गिरणीतून भात भरडून आणलं की तांदूळ माणसांना, कणी कोंबड्यांना आणि कोंडा गोठ्यात. यात कोणाला काही विचारायचं नसे. आमची शेवटची गाय मी गुडघे गेल्यावर विकली, त्यानंतर कोंडा घरातून गेला तो गेलाच. पुढे माझ्यासाठीच परत येईल असं वाटलं नव्हतं.

त्याचं कारण डोळे. उजव्या डोळ्याला उजेड आणि काळोख एवढंच कळत होतं. डाव्याला माणूस दिसे, पण कोण ते दिसत नसे. तो बोलला की कळे. तांदळातला खडा दिसेना म्हणून तांदूळ निवडायचं काम सुनेने काढून घेतलं. सुईत दोरा जाईना. एकदा पायरीवर पडलेल्या सुंभाला साप समजून मी शेजारच्या सगळ्यांना गोळा केलं. त्यावर वाडीत अजून हसतात. हसू देत. पुढच्या खेपेला खरा साप असता आणि मी त्याला सुंभ समजले असते, तर कोणी हसलं नसतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते माशांचं. आमच्या दारात मासेवाली येते. बांगडा घ्यायचा तर कल्ला उचलून बघायचा. लाल असेल तर घ्यायचा, काळपट असेल तर पुढे जा म्हणायचं. हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून करत आले. डोळे गेल्यावर वासावर घ्यायला लागले. मासेवालीच्या ते लगेच लक्षात आलं असणार. एका संध्याकाळी सून कामावरून आली, तिने टोपावरचं झाकण काढलं आणि विचारलं, "आई, हे बांगडे कोणी दिले तुम्हाला? पोटं फुटलीत."

मी ते मांजराला घातले. मांजराने वास घेतला आणि ते निघून गेलं.

सुनेचं सांगायला हवं. माझा मुलगा लोट्याला कारखान्यात आहे. पाळीची नोकरी, तिथेच खोली, सुट्टीला घरी येतो. सून माझ्याकडे गावी असते आणि काजूच्या फॅक्टरीत जाते. सकाळी लवकर भात करते, डबा भरते आणि कंपनीच्या गाडीने जाते ती संध्याकाळी येते. दिवसभर घरात मी एकटी. आम्हा दोघींचं बरं चाललंय ते त्यामुळेच. मी पुरती आंधळी झाले असते तर तिला काम सोडून माझ्यापाशी बसावं लागलं असतं. तिने तसं एकदा बोलूनही दाखवलं. "अजून थोडे दिवस बघू, नाहीतर मी सोडते काम." ती वाईट बोलली नव्हती. पण दिवसभर ती माझा हात धरून फिरवणार आणि मी तिला नको नको म्हणणार, हे चित्र मला त्या धुरकट डोळ्यांनीसुद्धा स्पष्ट दिसलं. तिला काम आवडतं. तिथे तिच्या मैत्रिणी आहेत. ते माझ्यामुळे सुटायला नको होतं.

तेव्हा मुलगा रजा घेऊन आला आणि जवळच्या पालीहून एस. टी.ने मला रत्नागिरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर बाई तरुण होती, हात हलका. म्हणाली, "आजी, मोतीबिंदू पिकलाय. काढायला हवा."

"काढ," मी म्हटलं. "आजच काढ."

ती हसली. मग तिने रक्त तपासायला लावलं, कागद हातात आला आणि तिचं हसणं थांबलं.

"साखर एवढी वर असताना मी डोळ्याला हात लावणार नाही. जखम चिघळली तर डोळाच जाईल."

"आणि हात लावला नाहीस तर?"

"तर तो हळूहळू जाईल."

"म्हणजे कसाही जाणारच."

"नाही आजी. साखर खाली आणा आणि या. मग मी काढते."

साखरेच्या गोळ्या मी आधीपासून घेत होते. घेत होते म्हणजे आठवेल तेव्हा. पालीचे आमचे डॉक्टर त्यावर खूप बोलले, मी ऐकून घेतलं. त्यांनी गोळी वाढवली, चालायला सांगितलं, गोड बंद केलं, सकाळचा भात बंद केला. रात्री मूठभर चालेल म्हणाले. आणि वर म्हणाले, "रोज सकाळी ओट्सचा कोंडा खा."

"कोण खातं ते?"

"पूर्वी घोडे खायचे. आता शहरातली माणसं खातात."

"कोंडा माझ्या घरात पोत्याने होता, तेव्हा कोणी खा म्हणालं नाही."

"भाताचा नव्हे हो. ओट म्हणजे जवासारखं धान्य असतं. त्याच्या दाण्याचं वरचं साल काढतात, तो हा कोंडा. पाणी लागलं की बुळबुळीत होतो, भेंडी चिरल्यावर हाताला लागते ना तसा. तो बुळबुळीतपणा पोटात गेला की जेवणातली साखर रक्तात धावत जात नाही, सावकाश जाते. पोट साफ होतं. रक्तातली चरबीही थोडी उतरते. पण गोळी सोडायची नाही. हे गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला आहे."

डॉक्टर मला नेहमी नीट समजावून सांगतात. मी चौथी शिकलेली आहे, पण अक्कल शाळेत मिळत नाही हे त्यांना ठाऊक आहे. शेवटी त्यांनी सांगितलं, "पातळ कशात तरी कालवून घ्या आणि वर भरपूर पाणी प्या. कोरडा गिळलात तर पोट साफ व्हायच्या ऐवजी तुंबेल."

सुनेने रत्नागिरीच्या बाजारातून पाकीट आणलं. मी हातात घेऊन चोळून बघितलं. भाताच्या कोंड्यासारखं टोचत नव्हतं. मऊ, हलकं, वास सुकल्या गवताचा. चमचाभर तोंडात टाकलं. चव काही नाही. वाईटही नाही. बऱ्याच माणसांपेक्षा बरं.

दुसऱ्या दिवशी सून गेल्यावर मी वाडगा घेतला आणि कोंडा कालवला. कोंडा कशात कालवायचा हे मला कोणी शिकवायला नको होतं. पन्नास वर्षं मी तेच केलं होतं.

मला बरं वाटायला लागलं, हे खोटं नाही. पहिले काही दिवस पोटात गुरगुरलं, मग शांत झालं. पोट साफ व्हायला लागलं. म्हातारपणी ही गोष्ट किती मोठी असते ते तरुण माणसाला सांगून कळत नाही, तेव्हा सांगत नाही. सकाळी एक वाडगा घेतला की दुपारपर्यंत भूक लागत नसे. आधी मी दहा वाजता डबे चाचपत फिरायचे, तेही थांबलं. गोळ्या वेळेवर घेतल्या. सकाळचा भात बंद म्हणजे बंद. सून डब्यात भात न्यायची, त्यातलं एक शीतही मी तोंडात टाकलं नाही. गणपतीत सगळ्यांच्या पानात मोदक पडले, मी बाप्पाला हात जोडले आणि काकडी खाल्ली.

गणपती गेल्यावर पालीला परत रक्त तपासलं. उपाशीपोटीची थोडी उतरली होती. खाल्ल्यावरची होती तिथेच होती.

डॉक्टरांनी कागद दोनदा उलटसुलट केला. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण कागदाचा आवाज ऐकू आला. मग त्यांनी माझ्याऐवजी सुनेला विचारलं, "या घरी काय काय खातात ते तुम्हाला माहीत आहे ना?"

झालं. परतीच्या एस. टी.त सुनेने तोंड उघडलं.

"आई, खरं सांगा. आंबापोळी खाल्लीत ना?"

"नाय खाल्ली."

"मग मोदक? मी आत गेले होते तेव्हा?"

"मला मोदक दिसत तरी होता काय गो? पानात केळं की मोदक ते चाचपून बघावं लागत होतं."

"चाचपून खाल्ला असेल मग."

मागच्या बाकावर कोणी बाई होती. ओळख ना देख. तिने पुढे वाकून सांगितलं, "चोरून खातात हो म्हातारी माणसं. आमच्या सासूबाई उशीखाली गूळ ठेवायच्या. मुंग्या लागल्या तेव्हा कळलं."

"माझ्या उशीखाली बघून घ्या," मी म्हटलं. "येताय काय घरी?"

ती बाई मागे सरकली. सून मात्र थांबली नाही. घरी आल्यावर तिने आंबापोळीचा डबा उचलला, कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. किल्ली कमरेला. मी त्या आंबापोळीला हात लावला नव्हता. खाल्ली असती आणि पकडले गेले असते तर एवढं लागलं नसतं, निदान खाल्ल्याचं सुख तरी मिळालं असतं. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलले. मनात मात्र मला भीती बसली होती. मी सगळं सांगितल्याप्रमाणे करत होते. तरी साखर उतरत नव्हती, म्हणजे ती उतरणारच नव्हती. मग डोळा उघडणार नव्हता. मग सून काम सोडणार. रात्री उशीवर डोकं टेकलं की मी हाच हिशोब करायचे आणि तो कधी वेगळा यायचा नाही.

पुढच्या आठवड्यात फॅक्टरीतलं यंत्र बिघडलं. सून डबा भरून तयार झाल्यावर तिला फोन आला, आज येऊ नका. ती मागच्या दारी कपडे धूत बसली. मी माझ्या वेळेला उठून वाडगा घेतला, कोंडा घातला, टोपावरचं झाकण काढलं आणि पळीने ओतलं. थोडं मीठ, लिंबाच्या लोणच्याची फोड.

"आई, काय हे?"

ती दारात उभी होती. हात ओले असणार, पाणी जमिनीवर ठिबकत होतं.

"कोंडा."

"कशात?"

"पेजेत."

"पेजेत?"

"मग कशात घालतात?"

ती आत आली. "तुम्ही भात बंद केलाय ना?"

"केलाय की. यात भात कुठे दिसतो तुला? शीत तरी आहे काय? वेळून घेतलेली निवळ पेज हाय."

"रोज घेता?"

"रोज."

"किती?"

"वाडगाभर. कधी दोन. डॉक्टरनी पातळात घे म्हटलंय, वर भरपूर पी म्हटलंय."

ती खाली बसली. आधी मला वाटलं ती रडतेय. मग कळलं, हसतेय. पदर तोंडात घालून हसत होती.

"आई, तांदळाचं सगळं पीठ त्या पेजेतच उतरतं ना. ती भातच आहे. पातळ झाली म्हणून काय झालं? साखर काय चावून खावी लागते?"

मी वाडगा हातात घेऊन बसून राहिले. आमच्याकडे पेजेला कोणी जेवण धरत नाही. ताप आला तर पेज, तहान लागली तर पेज, लावणीच्या दिवसांत शेतावर जाताना पेज. "जेवलीस काय?" विचारलं तर पेज प्यालेली बाई "नाय" म्हणते. भात शिजला की वेळायचा, निथळलेलं पाणी ठेवायचं, टाकायचं कधीच नाही. टाकणारीला माझ्या सासूने घराबाहेर काढलं असतं. डॉक्टरांनी भात बंद म्हटलं आणि मी भात बंद केला. पेज बंद कर असं ते म्हणाले नव्हते. आणि त्यांना तरी काय ठाऊक, मी पेजेला पाणी समजते म्हणून?

"तू मग ती पेज कोणासाठी ठेवत होतीस?" मी विचारलं.

"मला वाटलं केळीला ओतता."

"एवढी चांगली पेज केळीला?"

त्यावर ती परत हसायला लागली. हसता हसता म्हणाली, "गाय विकलीत, पण आंबोण काही बंद झालं नाही घरातलं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आंबोण म्हणजे गायीला संध्याकाळी द्यायचं ते, पेजेत कोंडा कालवून, मीठ घालून. दूध वाढावं, गाय अंगाने भरावी म्हणून. माझ्या हाताने तेच केलं होतं. कोंडा हातात आला, हात पेजेच्या टोपाकडे गेला. मधे डोकं लागलंच नाही. मीसुद्धा हसले. हसले कारण मला सुटल्यासारखं झालं. साखर उतरत नव्हती ती माझ्या नशिबाने नव्हे, पेजेने. नशिबाला काही करता येत नाही, पेजेला येतं.

सुनेने कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि आंबापोळीचा डबा होता तिथे परत ठेवला.

"आता खाऊ नका म्हणजे झालं."

"आधी तरी कुठे खाल्ली होती?"

एवढ्यावर ते प्रकरण मिटलं. माफी वगैरे आमच्यात नाही.

आता पेजेचं काय करायचं हा प्रश्न आला. टाकायची तर नाहीच. शेजारणीची गाय व्यायली होती. तिला विचारलं तर ती बादली घेऊनच आली. पेज तिच्या गायीला जायला लागली आणि बदल्यात तिच्याकडून मला तांब्याभर ताक यायला लागलं. मग मी कोंडा ताकात कालवायला सुरुवात केली. पाव तास भिजू द्यायचा, म्हणजे फुगतो. जिरं, मीठ, आवडत असेल तर मिरचीचा तुकडा. कंटाळा आला तर कुळथाच्या पिठीत शेवटी चमचाभर सोडायचा. पिठी दाट होते आणि कोंडा कळतही नाही. नाचणीच्या भाकरीच्या पिठातही घालून बघितला, भाकरी मोडते. तेव्हा तो बेत सोडला. वर पाणी प्यायचं, हे मात्र विसरायचं नाही.

वाडीतल्या बायका आता मला विचारायला येतात. कोंड्याने साखर बरी होते काय? नाही होत. मी तसं सांगत नाही. गोळी वेळेवर, भात मूठभर, गोड बंद, सकाळी देवळापर्यंत चालणं, आणि त्याच्या जोडीला कोंडा. यातला एकटा कोंडा काही करणार नाही. पण त्याने पोट भरलेलं राहतं म्हणून बाकीचं पाळता येतं. भुकेल्या माणसाला पथ्य सांगणं सोपं असतं, पाळणं नाही. माझा अनुभव एवढाच. ज्यांना पोटाचं दुसरं दुखणं असेल त्यांनी डॉक्टरला विचारावं, मला विचारू नये.

दिवाळीच्या आधी परत पालीला गेलो. फराळाचे वास घराघरातून येत होते आणि मी उपाशीपोटी रक्त देऊन, मग पिठी आणि भाकरी खाऊन, परत रक्त द्यायला बाकावर बसले होते. सून बाजूला. डॉक्टरांनी आत बोलावलं, कागद वाचला आणि माझ्याऐवजी परत सुनेलाच विचारलं, "काय केलंत?"

"पेज बंद केली," सून म्हणाली.

डॉक्टरांना आधी कळलं नाही. मग सगळं सांगितल्यावर ते कपाळाला हात लावून म्हणाले, "आता प्रत्येक म्हातारीला पेजेचं वेगळं विचारायला हवं."

"विचारा," मी म्हटलं. "कोणी आपण होऊन सांगणार नाही. चोरी म्हणून नव्हे. ते खाणं आहे असं कोणाला वाटतच नाही."

रत्नागिरीच्या डॉक्टर बाईने कागद बघितला आणि तारीख दिली. मुलगा आला, सुनेने एक दिवस रजा घेतली. डोळ्याचं काम इतक्या लवकर आटपलं की मी विचारलं, "सुरू कधी करणार?" दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा मला डॉक्टर बाईचा चेहरा दिसला. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती काळी होती आणि थकलेली होती. मी तिला म्हटलं, "जेवत जा वेळेवर." मग सुनेकडे बघितलं. तिच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते. ते कधी झाले ते मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "काय बघताय?"

"बघतेय," मी म्हटलं.

घरी आल्यावर थेंब घालायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाकायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही. ते दिवस संपले. सून कामावर जायला लागली. तिने काम सोडायचं बोलणं परत काढलं नाही, मीही काढलं नाही.

एका सकाळी ताकातला कोंडा पिऊन मी पायरीवर बसले होते. मासेवाली आली. पाटी उतरवली, वरचं फडकं बाजूला केलं.

"काकी, सून नाय घरात?"

"नाय. मी हाय."

"बांगडे घे. आत्ताच आलेत बंदरावरनं. हलतायत बघ."

मी एक उचलला. कल्ल्यात बोट घालून वर केला. काळपट, मातीसारखा.

"हा परवाचा."

तिने माझ्याकडे बघितलं. आधी तोंडाकडे, मग डोळ्याकडे.

"डोळा केलास काय गो?"

"केला."

पुढचे बांगडे तिने एका बाजूला सारले आणि पाटीच्या मागच्या कोपऱ्यातलं ओलं फडकं उचलून तिथले काढून माझ्यापुढे ठेवले.

"म्हणजे दोन ढीग ठेवतेस," मी म्हटलं.

"सगळ्याच ठेवतात गो काकी. दिसतं त्याला चांगले, नाय दिसत त्याला बाकीचे. माल तर दोन्ही खपायला हवा ना."

तिचं म्हणणं मला पटलं नाही, पण खोटंही वाटलं नाही. मी नव्या ढिगातला एक उचलून कल्ला वर केला. लाल होता, लालभडक. दुसरा बघितला, तोही तसाच. मी चार घेतले. ती पाटी डोक्यावर घेऊन पुढच्या घराकडे गेली. मी बांगडे ताटात ठेवले, थोडा वेळ नुसतेच बघितले, आणि मग विळी मांडली.